हरणांसाठी झाडलेली बाग

घरामागच्या, जंगलाला लागून असलेल्या तुकड्यावर वहिनींनी चाळीस सफरचंदाची झाडं लावली, तीही हरणांसाठी. धाकट्या दिराला तिथे गोदाम हवं होतं.

"वहिनी, माणसं सोडून हरणांना जेवायला बोलावताय?"

"भावोजी, हरणं जेवून गेल्यावर नावं ठेवत नाहीत."

शेवटी ठरलं : पाच वर्षांत एक जरी हरीण आलं तर बाग, नाहीतर गोदाम.

पाचव्या वर्षी झाडं लगडली. वहिनींनी कुंपण काढलं, पाण्याचं डबकं केलं. मुदत संपायला आठ दिवस उरले तरी हरणाचा पत्ता नव्हता. हलणाऱ्या वस्तूचा आपोआप फोटो काढणारा कॅमेरा त्यांनी एका खोडाला बांधला आणि तीन दिवसांनी फोटो पाहिले. एकशे सहा होते. दोन मांजराचे. बाकी सगळ्यांत खराटा आणि बादली घेतलेला नवरा.

"अहो, हे काय?"

"पडलेली फळं उचलतो. माश्या बसतात." नवऱ्याने तीस वर्षं इस्पितळात शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक केली होती. निवृत्त माणूस झाला होता, हात नव्हे.

"आणि ही बाटली?"

"फिनेल. फक्त बुंध्यांशी. थोडंसंच."

वहिनी मटकन खुर्चीत बसल्या. "हरणं पडलेलीच फळं खातात हो! ती काय शिडी घेऊन येणार होती?"

"मग आधी सांगायचंस."

 माती, मुळं, परागण हे सगळं वहिनींनी नवऱ्याला आकृत्या काढून शिकवलं होतं. एवढंच राहिलं होतं.

त्यांनी बुंधे पाइपने धुऊन काढले, खराटा कपाटात कोंडला आणि किल्ली कमरेला लावली. नवरा खिडकीशी उभा राहिला.

"बावीस पडली."

"मोजू नका."

"सव्वीस. एक फुटलंय गं!"

"डोळे मिटा."

रविवारी दीर मोजपट्टी घेऊनच आला. तिसऱ्या ओळीत काळ्याभोर, चकचकीत लेंड्या पडल्या होत्या.

"शेळीच्या असतील," तो म्हणाला.

वहिनींनी त्याच्यापुढे फोटो धरला. पहाटेचा उजेड, तोंडात अख्खं सफरचंद धरलेली हरिणी, आणि मागे खिडकीच्या काचेला नाक लावलेला नवरा.

दिराने फोटो जवळ घेतला. "दादाचा चेहरा असा का? कुणी गेलंय का?"

"त्यांच्या डोळ्यांदेखत आधीचं सफरचंद अर्धवट खाऊन टाकून दिलं तिने."

दिराने मोजपट्टी गुंडाळून खिशात घातली आणि जाताना एक सफरचंद तोडलं. वहिनींनी ते हातातून काढून घेऊन जमिनीवर टाकलं.

नवरा दारात आला. "आता तरी किल्ली?"

"नाही."

"निदान लेंड्या?"

वहिनींनी पुरता विचार केला. माणूस चार दिवसांत खरंच वाळला होता.

"रस्त्याकडची एक ओळ झाडा," त्या म्हणाल्या. "आणि फिनेल नाही."