दोन कडव्यांचं गाणं

आमच्या गाण्याचं तिसरं कडवं शेवटी लोकांसमोर, माइकवर, अख्खं गायलं गेलं.

हे वाक्य विसरा. सोसायटीच्या इतिवृत्तात तिसरं कडवं नाही, आणि मी नियमाने चालणाऱ्या माणसाचा मुलगा आहे. तर, आमच्या गाण्याला दोनच कडवी आहेत.

गाणं झालं पंपरूममध्ये. पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये घरात गिटार वाजवली की तक्रार येते. पंपाच्या आवाजाची तक्रार मात्र कुणी करत नाही, उलट तो ऐकू आला की लोक देवाला हात जोडतात. म्हणून पंप चालू तोवर प्रॅक्टिस. पाणी नाही त्या दिवशी रॉकही नाही. आमचा बँड कच्चा राहिला त्यात आमचा दोष थोडा, पाणीकपातीचा जास्त.

मी गायचो, बी विंगची इशिता गिटार वाजवायची आणि उत्तनहून रुबेन ड्रम घेऊन रिक्षाने यायचा. एकदा टाकी रिकामी झाली आणि पंप नुसती हवा ओढायला लागला. खट् खट् घर्र, खट् खट् घर्र. रुबेन काठ्या हातात धरून ऐकत राहिला.

"ब्रो," तो म्हणाला, "हा मरतोय, पण तालात मरतोय."

तोच ताल आम्ही उचलला. शब्द माझ्याकडे होतेच. बाबा त्याच वर्षी गेले होते.

बाबा म्हणजे आत्माराम. टँकर आला की सगळे खाली जाऊन बादल्या भरायचे आणि लिफ्टने वर न्यायचे. पाणी सांडायचं, लिफ्ट बंद पडायची. मग सभेत ठराव झाला: लिफ्टमधून पाण्याची भांडी नेण्यास मनाई. सूचक चेअरमनकाका, अनुमोदक बाबा. दुसऱ्याच दिवसापासून सगळी बिल्डिंग वॉचमनला चहा पाजून बादल्या लिफ्टनेच नेऊ लागली. बाबा सोडून.

"अहो, न्या की लिफ्टने. कोण बघतंय?" आई म्हणायची.

"हात मी वर केला होता," बाबा म्हणायचे.

आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो. एका सकाळी बाबा चौथ्यापर्यंत पोचले. भरलेली बादली आधी नीट टेकवली, मग पायरीवर बसले, ते बसलेच.

गाण्याचं धृपद आहे, 'चढ रे चढ, अजून एक मजला'. पहिल्या कडव्यात टँकर, दुसऱ्यात बादली. बाबा तिसऱ्यात, म्हणजे जे नाहीच त्यात.

"तुझ्या गाण्यात बाबा कधी येतात रे?" आईने विचारलं होतं.

"तिसऱ्या कडव्यात."

"लोक तोवर थांबतात?"

थांबत नाहीत. सोसायटीच्या गणपतीत दुसरं कडवं संपलं आणि आरतीची वेळ झाली. उत्तनला, रुबेनची बहीण डेल्फिन हिच्या लग्नात, पब्लिक धृपदावर इतकं नाचलं की आम्ही तेच घोटत बसलो. मी तिसऱ्याकडे वळणार तेवढ्यात रुबेनचे मायकेलअंकल स्टेजवर आले. "गाना बरा हाय रं," त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "पन लग्नान मरन न्हाय गावाचा." मी परत धृपद धरलं. नवरात्रात तळमजल्याच्या हंसाबेननी शब्दच काढून टाकले. "बेटा, सिर्फ वो चढ-चढ बजाओ. गरबा मस्त बैठता है." मग गोडदेवच्या एका जिमने धृपद आरशावर रंगवलं. एका क्लासने दहावीच्या सत्काराला बोलावलं. माझा बाप जिन्यात मेला आणि त्यावर पोरांचे टक्के वाढत होते.

मग सोसायटीत नवी लिफ्ट आली. चेअरमनकाका पेढे घेऊन घरी.

"अथर्व, उद्घाटनाला तुझं ते चढ-चढ हवं हां. लिफ्टला एकदम सूट होतं."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. मला वाटलं, आता काका जिन्याने जातात. पण ती एवढंच म्हणाली, "म्हण तू. पूर्ण म्हण."

उद्घाटनाला फुगे होते. नारळ फुटला, फीत कापली, दार उघडलं. आई चांगली साडी नेसून आली होती, हातात बाबांची बादली. रिकामी. ती जाऊन लिफ्टमध्ये उभी राहिली.

"वहिनी, बादली बाहेर," चेअरमनकाका हसत म्हणाले. "बोर्ड बघा ना."

बोर्ड होता. लिफ्ट नवी, बोर्ड नवा, मजकूर तोच. खाली सूचकाचं नाव, अनुमोदकाचं नाव. बाबांच्या नावाआधी 'कै.' तेवढं वाढवलेलं.

आई बाहेर आली. वरच्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबलं असावं. दार बंद झालं आणि नवी लिफ्ट पहिल्या फेरीला निघाली. आत कुणीच नाही.

मी रुबेनकडे बघितलं. त्याने खट् खट् घर्र सुरू केलं. मी पहिलं कडवं गाळलं. दुसरंही गाळलं.

लिफ्ट रिकामी वर गेली,
आत्माराम जिन्यात राहिले,
बादली होती काठोकाठ,
दोन थेंबही नाही सांडले.

हंसाबेन टाळीसाठी हात उचलून धृपदाची वाट बघत होत्या. त्यांनी ते हळूच खाली घेतले. आई बादली घेऊन जिन्याकडे निघाली होती. ती थांबली, कडवं संपेपर्यंत थांबली, आणि मग चढायला लागली.

"छान, छान," चेअरमनकाका म्हणाले. "पेढे घ्या सगळ्यांनी."

इतिवृत्तात आलं: 'दोन कडव्यांचे प्रेरणागीत सादर झाले.' म्हणजे जी दोन गायलीच नाहीत ती नोंदली गेली, आणि जे गायलं ते नाही. ग्रुपवरच्या व्हिडिओत नारळानंतर थेट पेढे आहेत. मी विचारायला गेलो तर काका म्हणाले, "बाळा, ते झालंच नाही असं धरू. बाकी काही असेल तर लेखी दे."

दिलं.

प्रति, मा. अध्यक्ष. विषय: लिफ्ट वापरण्याच्या परवानगीबाबत. महोदय, इतिवृत्ताबाबत अर्जदाराची हरकत नाही. तरी विनंती की, कै. आत्माराम यांना त्या दिवशी सकाळी, एक भरलेली बादली सोबत घेऊन, तळमजला ते सहावा मजला लिफ्टने जाण्याची परवानगी पूर्वलक्षी प्रभावाने देण्यात यावी. लिफ्ट पुसून देण्याची जबाबदारी अर्जदाराची राहील.