चतुराबाईंचा खल आणि डोंगरातला पाला

माझ्या पोटात आजवर किती पाला आणि किती मुळ्या कुटल्या गेल्या, ते मलाच आठवत नाही. मित्रांनो, मी एक जुना दगडी खल आहे. पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवले आणि मांजरसुंब्याजवळच्या एका गावात मी चतुराबाईंच्या घरी आलो. त्या झाडपाल्याचे औषध देत. खोकला, खरूज, पोटदुखी घेऊन माणसे येत आणि बरी होऊन जात. कुणी कुणी मला हळदकुंकूही वाहत. मला त्याचा अभिमान वाटे.

एकदा अंगद नावाचा जीपचालक आला. त्याच्या गालात आतून चट्टा पडला होता, तो महिनाभर भरत नव्हता. चतुराबाईंनी डोंगरातल्या एका झुडपाचा पाला माझ्यात वाटला. झुडपाचे नाव मी सांगत नाही, नाहीतर तुम्ही तोडायला धावाल. लेपाने आग थांबली. अंगद चार महिने येत राहिला, आणि एक दिवस त्याचे तोंडच उघडेना. डॉक्टरांनी कर्करोग सांगितला. ऑपरेशनमध्ये जीव वाचला, पण अर्धा जबडा गेला.

चतुराबाई त्याला भेटायला गेल्या. तो रागावला नाही. अडखळत एवढेच म्हणाला, "मावशी, तुमी दवाखान्यात जा म्हणला असता, तर मी लगीच गेलो असतो."

घरी येऊन त्यांनी मला गोठ्यात नेऊन ठेवले. दोन वर्षे कोंबड्या माझ्यात पाणी पीत होत्या.

मग त्यांची नात रूपाली आली. ती बीडच्या कॉलेजात वनस्पतींचा अभ्यास करते. तिला त्याच पाल्याचा अर्क तपासायचा होता.

"त्या पाल्यापायी एकाचा जबडा गेला," चतुराबाई म्हणाल्या. "तू कावून त्याच्या नादी लागतीस?"

रूपालीने समजावले की म्हणूनच तपासायचे. सदाफुलीपासून कर्करोगाचे औषध निघाले, पण ते वर्षानुवर्षे तपासून आणि नेमक्या मात्रेत. तिचा नुसता पाला खाल्ला, तर अपायच होतो. चतुराबाईंनी मला गोठ्यातून घरात आणून धुतले. दुसऱ्या दिवशी पाला आणायला त्या स्वतः डोंगर चढल्या.

काही महिन्यांनी रूपाली आनंदाने सांगत आली, की अर्काने प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी मेल्या.

"मंग यानं माणूस बरा होतो का?" चतुराबाईंनी विचारले.

रूपाली आजीजवळ येऊन बसली. "ते अजून म्हाईत न्हाई, आजी. पुढं लई तपासण्या हायेत."

"मंग लोकायला बी तेवढंच सांग."

परवा शेजारची बबिता तोंडात पांढरा चट्टा घेऊन आली. तिला लेप हवा होता. चतुराबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिले, पायात चपला घातल्या आणि तिला घेऊन दवाखाना गाठला. वेळेत आलात, असे डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी मी रिकामाच राहिलो आणि मला त्याचे जराही वाईट वाटले नाही.

मित्रांनो, डोंगरातली झाडे जपा. त्यांच्यात काय दडले आहे, ते शिकलेल्यांना तपासू द्या. पण न भरणारा चट्टा किंवा अंगावरची गाठ घेऊन माझ्यासमोर बसू नका, आधी दवाखान्यात जा. मी दगड आहे, कितीही वर्षे थांबेन. तो आजार मात्र थांबत नाही.