रास्पबेरीच्या मुळांवर चाललेले खुरपे

मित्रांनो, कॅनडातील सस्काटून शहरातल्या एका सामुदायिक बागेच्या पत्र्याच्या खोपटात, खिळ्याला टांगलेले मी एक जुने खुरपे आहे. माझे पाते निम्मे झिजले आहे आणि मूठ दोनदा बदलली आहे. ज्याने आयुष्यभर कापण्याचेच काम केले, त्याने आपली कहाणी गोड करून सांगू नये. म्हणून मी केलेली कत्तल तुम्हाला सांगणार आहे. चुकीची होती तीसुद्धा.

माझा जन्मच मारातून झाला. फलटणजवळच्या एका गावाबाहेर घिसाड्यांची पाले पडली होती. अपघातात मोडलेल्या एका ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा त्यांनी भट्टीत लाल केला. घिसाडी मला सांडशीने ऐरणीवर धरी आणि त्याची बायको दोन्ही हातांनी घण उचलून माझ्यावर घाली. शेवटी मला पाण्यात बुडवले तेव्हा मी चर्रकन किंचाळले. ती किंकाळी ऐकून घिसाडीण हसली आणि म्हणाली, "धरलं बघा पाणी. आता हे कुणाला सोडायचं नाही."

मला सुरेखाबाईंनी विकत घेतले. सव्वीस वर्षे मी त्यांच्या भुईमुगात आणि कांद्यात राबले. खुरपणीला आलेल्या बायका म्हणत, "सुरेखाचं खुरपं म्हणजे नुसता वस्तरा!" वैशाखात त्या माझ्या टोकाने हरळी खोलवर खांदत आणि मुळे आभाळाकडे करून तिथेच टाकून देत. संध्याकाळपर्यंत ती मुळे पापडासारखी कुडकुडीत होत. एकदा मी एका विंचवाचे दोन तुकडे केले आणि एकदा सुरेखाबाईंच्या पायाचे बोट फाडले. त्या मला रागावल्या नाहीत. "धार आहे म्हणूनच लागलं," एवढेच म्हणाल्या.

पुढे जमीन दिरांकडे गेली आणि मी माळ्यावर पडले. सहा वर्षे कोणी मला हात लावला नाही. गंजाने माझी धार खाल्ली. मग सुरेखाबाई कॅनडाला मुलाकडे राहायला निघाल्या तेव्हा त्यांना माझी आठवण झाली. मुलाने, परीक्षितने, फोनवर बजावले होते, "आई, मातीचा एक कण दिसला तरी विमानतळावर काढून घेतील." त्यांनी मला उकळत्या पाण्यात बुडवले, दात घासायच्या ब्रशने मुठीच्या फटी खरवडल्या आणि साड्यांच्या घडीत बांधले. गावची माती गावातच राहिली. गावची सवय मात्र आम्ही दोघांनी बरोबर आणली.

या बागेत हेलनबाईंची तीस फूट रास्पबेरीची ओळ होती. वीस वर्षांपूर्वी त्यांनी ती आपल्या नवऱ्यासोबत लावली होती. नवरा गेला, मग गुडघे गेले. दोन उन्हाळे निंदणी झाली नाही आणि ओळीत तण माजले. सुरेखाबाईंची सून अक्षता हेलनबाईंचे बोलणे मराठीत सांगू लागली. "आई, ह्या म्हणतायत, ही ओळ जगवलीत तर पुढे तुमचीच. फक्त मरू देऊ नका."

सुरेखाबाईंनी मान हलवली. परक्या देशात कोणीतरी पहिल्यांदाच त्यांच्यावर काहीतरी सोपवले होते. त्यांनी गवताचा एक धागा ओढून पाहिला. त्याला इथे क्वॅकग्रास म्हणतात. मातीखाली त्याच्या पांढऱ्या कांड्या सुईसारख्या टोकाने वाट काढत जातात.

"ही तर आपली हरळीच की गं! जरा गोरी, एवढंच."

"आई, आधी कुणाला विचारू या का? बागेचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे."

"आता मला हरळी तो ग्रुप शिकवणार? सरक बाजूला."

मे महिन्याच्या मध्यास, माती मोकळी झाल्यावर, आम्ही तुटून पडलो. मी आठ बोटे खोल घुसले. पांढऱ्या कांड्या माझ्याखाली कडाकडा तुटल्या. सोबत काही तपकिरी मुळेही तुटली. त्यांचा आवाज मऊ होता. पण मित्रांनो, पात्याला आवाजातला फरक समजत नाही. जांभळ्या फुलांच्या, थिसल नावाच्या काटेरी तणाच्याही मुळांचे मी तुकडे तुकडे केले. सुरेखाबाईंनी सगळा पाला मुळे वर करून ओळीतच पसरला आणि पदराने घाम पुसला. "चार दिवसांत राख होईल बघ," त्या अक्षताला म्हणाल्या.

सस्काटूनच्या आभाळात तेव्हा सोळा तास उजेड असतो, पण त्या उन्हाला वैशाखाची धग नसते. मुळे सुकली नाहीत, नुसती कोमेजली. आणि जून लागताच पावसाची झड बसली.

आम्ही केलेला प्रत्येक तुकडा जिवंत झाला. एका कांडीच्या जागी दहा उठल्या. त्यांच्या सुया रास्पबेरीच्या गड्ड्यांतून आरपार गेल्या. थिसलचे कोंब वाट ओलांडून शेजारच्या गाजरांत शिरले. आणि रास्पबेरीचे नवे फुटवे माना टाकू लागले. सुरेखाबाई रोज येत, दात आवळून मला भोसकत आणि रोज तुकडे वाढत. एका सकाळी रागाच्या भरात मी त्यांच्या डाव्या अंगठ्यात हाडापर्यंत उतरले. रास्पबेरीच्या पानांवर रक्त उडाले. अक्षता नर्स आहे. तिने तिथेच ओढणीने अंगठा आवळला. "आई, हे शेत नाही, लढाई झालीय," ती म्हणाली. पाच टाके पडले.

त्याच आठवड्यात गौरांगी आली. ती मूळची नाशिकची, इथल्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकणारी, आणि बागेच्या कमिटीवर काम करणारी मुलगी.

"काकू, वाईट वाटून घेऊ नका. दोघांनी तक्रार केलीय. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी कमिटी पाहणीला येईल. तण असंच राहिलं, तर मशीन लावून अख्खी ओळ काढतील."

"औषध मारू का?"

"इथे केमिकल अलाउड नाही. आणि मारलं तर रास्पबेरीही जळेल." ती गुडघ्यांवर बसली आणि बोटांनी माती हळूच बाजूला करत गेली. वीतभरही खाली जावे लागले नाही. सरळ, स्वच्छ कापलेली तपकिरी टोके दिसू लागली. "ही तणाची मुळं नाहीत, काकू. रास्पबेरीची आहेत. ती वरच्या वरच पसरतात."

सुरेखाबाईंनी एक टोक चिमटीत धरले. "म्हणजे मीच कापली?"

गौरांगीने उघडी पडलेली मुळे पुन्हा मातीने झाकली. त्या क्षणापर्यंत मला माझ्या धारेचा अभिमान होता.

"मधले दहा फूट वाचणार नाहीत," ती मग म्हणाली. "गवत गड्ड्यातच शिरलंय. ती झाडं ठेवली, तर बाकीचीही जातील."

"फळाला आलेली झाडं मी उपटू? दुसरीनं पोटच्या पोरांसारखी वाढवलेली?"

हेलनबाईंना बोलावले. त्या काठी टेकत आल्या आणि त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग त्यांनी सुरेखाबाईंच्या हातातून मला घेतले, कण्हत गुडघे टेकले आणि पहिला घाव स्वतः घातला. गड्डा फुटला. त्या काहीतरी पुटपुटल्या. अक्षताने डोळे पुसत सांगितले, "म्हणतायत, त्यांचे मिस्टर असते तर त्यांनीही हेच केलं असतं. फक्त शिव्या देत देत."

"मग तेवढं मी करते," सुरेखाबाई म्हणाल्या आणि त्यांनी खास फलटणची एक शिवी हासडली. हेलनबाईंना ती भाषांतराशिवाय समजली.

हिरवी फळे लगडलेली नऊ झाडे दोघींनी दुपारभर तोडली. मी गड्ड्यांतून उभे-आडवे फिरले. अक्षता बोटाएवढाही तुकडा मागे न ठेवता सगळे काळ्या पिशव्यांत भरून तोंडे आवळत होती. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत कठोर कत्तल होती, आणि बहुधा सर्वांत शहाणी.

उरलेल्या वीस फुटांत सुरेखाबाई मला नव्याने धरायला शिकल्या. भाकरीखाली उलथने सरकवावे तसे आडवे, नखाएवढेच खोल. माझे टोक खाली घुसायला आसुसलेले असे. त्या मनगट घट्ट धरून मला अडवत. थिसल दर दहाव्या दिवशी, कळी उमलण्याआधी, जमिनीलगत कापायचा. प्रत्येक नव्या कोंबासाठी त्याची मुळे साठवलेले अन्न खर्च करतात आणि हळूहळू उपाशी मरतात. झाडांजवळचे गवत मात्र माझ्या हाती नव्हतेच. माती भिजवून त्या एकेक पांढरी कांडी बोटांनी अखंड ओढून काढत. वर पुठ्ठे अंथरले, त्यावर लाकडाच्या ढलप्यांचा चार बोटे थर दिला. शेजाऱ्यांच्या बाजूने जमिनीत पत्र्याची पट्टी गाडली.

ऑगस्टच्या त्या शनिवारी गौरांगीसह कमिटीचे तिघे आले. चौथ्या झाडाखालच्या ढलप्या बाजूला करताच थिसलचा एक कोंब निघाला. गौरांगीने तो दोन बोटांत धरला. तो दोऱ्यासारखा सहज सुटून आला.

"फिकट आहे," तिने इतर दोघांना इंग्रजीत सांगितले आणि मग मराठीत म्हणाली, "उपाशी आहे, काकू. ओळ राहिली."

हेलनबाईंनी सुरेखाबाईंचा टाके पडलेला अंगठा आपल्या दोन्ही हातांत धरला. कोणीही टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण ओळीच्या मध्यभागी दहा फुटांची उघडी जमीन सगळ्यांसमोर होती.

"आई, पुढच्या वर्षी तिथं नवीन रोपं लावू या," अक्षता म्हणाली.

"एक उन्हाळा रिकामं राहू दे. खाली अजून काय जिवंत आहे ते दिसू दे. मग लावू."

मित्रांनो, मला गंजू देऊ नका. काम झाले की पुसा, तेलाचे बोट फिरवा, वेळच्या वेळी धार लावा. पण एवढ्यावर माझी विनंती संपत नाही. लोखंडाला कोणती मुळे शत्रूची आणि कोणती आपली, हे कधीच कळत नाही. मला रागाने चालवले तर मी दोन्ही सारख्याच सहजतेने कापते. म्हणून माझ्यासारखे काहीही उगारण्यापूर्वी, मोकळ्या हाताच्या बोटांनी माती थोडी बाजूला सारा, आणि खाली कोण आहे ते आधी पाहा.