खैऱ्याची खाज

लातूर जिल्हा होऊन तिसरं वर्ष लागलं होतं आणि पाऊस हुकायचं दुसरं. भीमाला नव्या कचेरीत कारकुनाची नोकरी लागली, तेव्हा त्यानं कंधारकडच्या खेड्यातून आईला लातूरला आणायचं ठरवलं. साखराबाई एकाच अटीवर तयार झाली.

"खैऱ्या संगं येईल. न्हाईतर मी हाय तिथंच बरी हाय."

खैऱ्या तिच्या नवऱ्याचा कुत्रा. दगडोबा वीस वर्षं साहेबरावांच्या शेतातल्या आखाड्यावर सालगडी होता. कडब्याच्या गंजीखाली सापडलेलं एक पिल्लू त्यानं तिथंच वाढवलं. दगडोबा वारला, तेव्हा खैऱ्या तीन दिवस त्याच्या घोंगडीवरून हलला नव्हता. आता त्याला टाकून जायचं म्हणजे नवऱ्याचं उरलंसुरलं टाकून जायचं, असं साखराबाईला वाटायचं. भीमानं जास्त ताणलं नाही. आईनं ते गाव सोडलं, त्या आखाड्याचा संबंध तुटला, यातच त्याला समाधान होतं.

"एक ध्यानात ठेव माय," तो म्हणाला, "साहेबरावांच्या दारात आता काही मागायला जायचं न्हाई. बाप गेला मागता मागता."

"न्हाई जात," ती म्हणाली.

भाड्याच्या दोन खोल्या औसा रोडला, नव्या प्लॉटिंगमध्ये होत्या. जिल्हा झाला म्हणून लोकांनी तिथं प्लॉट घेऊन ठेवले होते. कोपऱ्याला चार दगड रोवले आणि मालक आपापल्या गावी निघून गेले. बांधलेली घरं मोजून सहा. बाकी सगळीकडे गाजरगवत. त्या साली बाभळीसुद्धा करपल्या होत्या, पण गाजरगवत कमरेएवढं हिरवंगार उभं होतं, वर कोथिंबिरीसारखी बारीक पांढरी फुलं. साखराबाईला पहिल्या दिवशी ते बघून बरंच वाटलं होतं. डोळ्याला तेवढीच हिरवळ.

महिनाभरात खैऱ्या खाजवायला लागला. आधी कान, मग काखा, मग पोट. पायाची बोटं तोंडात धरून तासन् तास चावत बसायचा. पोटावर लाल पुरळ आलं, डोळ्यांभोवतीचे केस गेले, काखेतलं कातडं काळं पडून हत्तीच्या कातड्यासारखं जाड झालं. अंगाला आंबूस वास यायला लागला. भिंतीला पाठ घासून घासून त्यानं दाराजवळचा चुना पार उडवला.

साखराबाईला वाटलं, खरूज. तिनं करंजीच्या तेलात गंधक कालवून लावलं. गावाकडं गुरांना, कुत्र्यांना याच औषधानं गुण येतो हे तिला पक्कं माहीत होतं. खैऱ्याला आला नाही. लिंबाचा पाला उकळून अंघोळ घालावी, तर नळाला चार दिवसांआड पाणी, तेही अर्धा तास. ती स्वतः तांब्याभर पाण्यात अंग पुसायची आणि आपल्या वाट्याची अर्धी बादली खैऱ्याच्या अंगावर घालायची. कपड्याच्या साबणानं चोळल्यावर तर तो आणखीच केकाटला. मग कचेरीतल्या कुणीतरी भीमाला जळकं ऑइल सांगितलं. त्यानं गॅरेजमधून डबा भरून आणलं आणि दोघांनी धरून ते कुत्र्याच्या अंगभर चोपडलं. दुसऱ्या दिवशी पोटाची सालं निघाली.

सून सिंधू वाईट नव्हती. पण तिच्या मांडीवर सहा महिन्यांचं लेकरू होतं.

"आत्या, मी काही बोलत न्हाई," ती हळूच म्हणाली, "पण बाळाला हे लागलं म्हंजे?"

त्या दिवसापासून साखराबाईनं आपलं अंथरूण ओसरीत घातलं.

शेवटी ती खैऱ्याला दोरीनं धरून गुरांच्या दवाखान्यात गेली. तिथं बैल, गाई, पोटं खपाटीला गेलेल्या म्हशी. रांगेतली माणसं कुत्रा बघून हसली. डॉक्टर सिद्रामप्पा उदगीरकडचे, सकाळभर जनावरांच्या छावणीत फिरून आलेले, डोळे लाल. पण ते हसले नाहीत. त्यांनी पात्याच्या बोथट बाजूनं काखेतलं कातडं खरडलं, काचेवर घेतलं आणि बराच वेळ सूक्ष्मदर्शकातून बघितलं.

"मावशी, ही खरूज न्हाई. खरजेचे किडे असतात, यात एक पण न्हाई. म्हंजे बाळाला लागायचं भ्या न्हाई. ही ॲलर्जी हाय."

"म्हंजे काय, साहेब?"

"म्हंजे एखादी गोष्ट याच्या अंगाला सोसंना. खाण्यातली आसंल, हवेतली आसंल, अंगाला घासणारी आसंल. आणि जळकं ऑइल कुणी सांगितलं? कातडं भाजून काढलंत."

साखराबाईनं मान खाली घातली.

डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं आणि खैऱ्या दोन दिवसांत बदलला. तिसऱ्या दिवशी ओसरीत पडला तो दुपारभर झोपला. पाय चावणं नाही, भिंत घासणं नाही. साखराबाई त्याच्या शेजारी नुसती बसून राहिली. इतक्या महिन्यांत त्याला असं निवांत झोपलेलं तिनं बघितलंच नव्हतं. भीमानं डॉक्टरांसाठी पेढे न्यावेत, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

पण त्या इंजेक्शनानं त्याला तहान लागायला लागली. साधी तहान नव्हे. भांडं भरून ठेवलं की रिकामं, पुन्हा भरलं की पुन्हा रिकामं. झाकलेल्या घागरीला नाक लावून कुंईकुंई करायचा आणि प्यालेलं ओसरीतच सोडायचा. चार दिवसांच्या पाण्यात चार माणसांचं भागत नव्हतं तिथं कुत्रा बादली संपवायला लागला. बाराव्या-तेराव्या दिवशी तहान कमी झाली आणि त्याच दिवशी खाज परत आली.

दुसरं इंजेक्शन झालं. पुन्हा तहान, पुन्हा बारा दिवस. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी सुई हातात घेतली आणि परत ठेवली.

"सारखं देता येत न्हाई, मावशी. पोटातून खराब होईल हा. खाज जाईल आणि कुत्रा पण जाईल."

"मंग याला इलाज न्हाई?"

"हे मुळातून बरं होणारं दुखणं न्हाई. सांभाळायचं दुखणं हाय. कशानं होतंय ते हुडकायचं आणि त्याच्यापासून याला लांब ठेवायचं. आधी खाणं बदलून बघा."

तिनं महिनाभर त्याला निव्वळ ज्वारीची भाकर आणि फिकं वरण घातलं. फरक पडला नाही. परत दवाखान्यात गेली, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "कुठं बाहेरगावी नेल्यावर कमी झाल्यासारखं वाटलं का?"

साखराबाईला आठवलं. फाल्गुनात गावात विहाराच्या पायाभरणीला ती गेली होती. खैऱ्याला संगं नेलं होतं. पाच दिवस राहिली होती. त्या पाच दिवसांत त्यानं पाय तोंडात धरल्याचं तिला आठवेना. तेव्हा तिला वाटलं होतं, आपलं गाव बघून हरखलाय.

"इथं काय हाय जे तिथं न्हाई?" डॉक्टर म्हणाले.

तिला कुणी सांगावं लागलं नाही. घरी येताना ती रस्त्याच्या वळणावर उभी राहिली आणि तिनं गाजरगवताच्या त्या पांढऱ्या फुलांकडं बघितलं. गावात हे नव्हतं. खैऱ्या रोज सकाळी त्यातूनच पोट घासत जायचा आणि त्यातच लोळायचा.

कळलं याचा आनंद तिला एक दिवस पुरला. दुसऱ्या दिवसापासून ती गाजरगवत उपटायला लागली. आपल्या घराभोवतीचं, मग शेजारच्या प्लॉटमधलं, मग त्याच्या पलीकडचं. आठ दिवसांत तिनं तीन प्लॉट उघडे केले. नवव्या दिवशी तिच्या हातांना कोपरापर्यंत पुरळ आलं. मान, पापण्या सुजल्या. आता ओसरीत दोघंही खाजवत बसायची. तीन प्लॉट मोकळे झाले खरे, पण पुढं तसेच कितीतरी प्लॉट उभे होते आणि वारा सुटला की फुलांचा भुगा थेट ओसरीत यायचा.

ती नगरपालिकेत गेली. तिथला माणूस म्हणाला, प्लॉट ज्याचा, गवत त्याचं.

"मालक कुठं गावायचे?"

"ते आमाला काय माहीत, बाई? इथं प्यायला पाणी पुरवता पुरवता जीव चालला. तुम्ही कुत्र्याचं घेऊन बसलाव."

त्याचंही चूक नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं ती खैऱ्याला बाहेरून आला की ओल्या फडक्यानं पुसायची. पोट, काखा, बोटांच्या मधली जागा. त्यानं जरा कमी व्हायचं, घटकाभर. मग तो पुन्हा मागच्या पायानं कान ओरबाडायचा. ती पाय धरून ठेवायची. तो ओढायचा नाही, नुसता तिच्या तोंडाकडं बघायचा. ते बघणं तिला सोसत नसे.

याला गावी ठेवावं, एवढं एकच उरलं होतं. ती त्याला घेऊन स्टँडवर गेली. फाल्गुनात कंडक्टरनं मागच्या बाजूला बसू दिलं होतं. आता खैऱ्याच्या अंगावर चट्टे होते, कानातून पाणी वाहत होतं.

"उतरवा त्याला. पाशिंजर वरडतील."

"खरूज न्हाई हो भाऊ ती. डागदरनं बघितलंय. कुणाला लागत न्हाई."

"तुमचं खरं हाय, पण लोकांना कोण सांगणार? उतरा."

दुसऱ्या गाडीवाल्यानं तर दारातूनच हात हलवला. भर उन्हात ती त्याला घेऊन चालत परत आली. भीमा कचेरीतून आला तेव्हा तिचे उन्हानं पोळलेले पाय बघूनच त्याला कळलं. चार दिवसांनी त्यानं छावणीला कडबा टाकून नांदेडकडं रिकामा परतणारा ट्रक बघितला आणि आईला नि कुत्र्याला स्वतः हात देऊन वर चढवलं.

गाव अर्धं रिकामं होतं. तिची भावकी निजामाबादकडं कामाला गेलेली, दाराला कडी. तिनं आपली बंद खोली झाडली. टँकर दिवसाआड यायचा. रांगेत उभी राहून दोन घागरी आणायची. पण खैऱ्या दिसामासी नव्हे, दिवसादिवसाला सुधारत होता. सहाव्या दिवशी पोटाची लाली गेली. दहाव्या दिवशी डोळ्यांभोवती मऊ लव दिसली. तिचेही हात निवले. तिला वाटलं, आता इथंच राहावं. कोण अडवतंय?

बाराव्या दिवशी एसटीच्या ड्रायव्हरबरोबर भीमाचा निरोप आला. बाळाला जुलाब लागलेत, सलाइन लावलंय, सिंधूला एकटीला झेपत नाही. लगेच ये.

ती उंबऱ्यावर बसली. कुत्र्याला परत नेलं तर तो पुन्हा रक्तबंबाळ होणार, आणि एसटी घेणारच नाही. ठेवावं तर कुणाजवळ? घरामागून घरं तिनं मनात फिरून बघितली. कुणी गावात नव्हतं, कुणाला स्वतःला पुरेसं पाणी नव्हतं. राहिलं एकच दार.

साहेबराव आखाड्यावर बाजेवर बसले होते. दावण रिकामी होती. बैलजोडी छावणीला धाडलेली. वाटेत तिनं ठरवलं होतं, काहीही झालं तरी 'मालक' म्हणायचं नाही. पण तोंड उघडलं आणि तोच शब्द आला.

"मालक, एक काम व्हतं."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. खैऱ्यानं त्यांचा हात हुंगला आणि दावणीजवळ जाऊन बसला, जसा पूर्वी बसायचा.

"न्हाई म्हणत न्हाई, साखरा," ते म्हणाले. "दगडोबाचा कुत्रा हाय. भाकर-तुकडा टाकीन. पण माझंच ठिकाण न्हाई. हिरीनं तळ गाठलाय. पोरगा नांदेडला बोलावतोय. किती दिवस इथं हाय, मला सांगता यायचं न्हाई."

"तुमी हाव तवर ठेवा," ती म्हणाली.

निघताना खैऱ्या दावणीच्या सावलीत झोपला होता. कान पडलेले, पाय लांब सोडलेले. उठवून त्याच्या अंगावरून हात फिरवावा असं तिला फार वाटलं. पण उठला तर मागं येईल, आणि एसटी घेणार नाही. ती चपला हातात घेऊन आखाड्याबाहेर आली.

बाळ आठवड्यात बरं झालं. साहेबरावांना भीमानं दोन कार्डं टाकली, आईच्या सांगण्यावरून, जुना राग गिळून. उत्तर आलं नाही. साखराबाई रोज संध्याकाळी त्याला विचारायची, "कंधारकडचं कुणी आलतं का कचेरीत?"

महिन्यानं एक जण आला. गावाकडचाच होता, काम शोधत कचेरीपर्यंत आला होता. भीमानं त्याला घरी आणलं. तो म्हणाला, साहेबरावांच्या आखाड्याला कुलूप आहे, ते नांदेडला गेले. एक खैऱ्या रंगाचं कुत्रं मात्र टँकर उभा राहतो तिथं दिसतं. सांडलेलं पाणी चाटतं.

"त्येच्या अंगावर केस हायत का?" साखराबाईनं विचारलं.

"हायत की. चांगले हायत."

"खाजवत व्हतं का?"

तो गोंधळला. त्यानं भीमाकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"तेवढं काही बघितलं न्हाई, माय."