ओवाळणीत भाऊ

मार्थाला पोलादपुरात येऊन सहा वर्षं झाली होती आणि या सहा वर्षांत तिच्या माहेरचं चिटपाखरूही इकडे फिरकलं नव्हतं. गावाला याचं केवढं दुःख! डॉक्टर महिपतराव जर्मनीहून शिक्षणाबरोबर बायकोही घेऊन आले, हे लोकांनी चार महिने नाकं मुरडून पचवून टाकलं. पण सणासुदीला जिच्या दारात भाऊ येत नाही तिची कीव करायला बायका कधी दमत नाहीत. ही कीव मार्थाला घराबाहेर पडली की गाठायची, विहिरीवर, बाजारात, देवळाच्या पायरीवर. ती हसून मान हलवायची आणि भरभर घराकडे वळायची.

म्हणून भाऊबीजेच्या दिवशी, उन्हं कलताना, महाबळेश्वरच्या घाटातून उतरलेली एक मोटार डॉक्टरांच्या दाराशी थांबली आणि तिच्यातून फिक्या केसांचा गोरा माणूस उतरला, तेव्हा कुणाला काही विचारायची गरजच वाटली नाही.

"आला गो आला! सूनबाईचा भाऊ आला!" शेजारच्या राहीबाईने हाळी दिली. ती नात्याने डॉक्टरांची चुलती. डॉक्टर वरच्या वाडीत तापाच्या रोग्यांकडे गेलेले, तेव्हा घरच्या वडीलधाऱ्याचा मान आपसूक तिच्याकडे आला. तिने पाहुण्याच्या पायावर पाणी घातलं, ओटीवर पाट मांडला, पाटाभोवती रांगोळी ओढली आणि त्याला दंडाला धरून बसवलंसुद्धा. पाहुणाही मजेत बसला. अंगणात ही गर्दी जमली.

मार्था परसातून ओल्या हातांनी बाहेर आली. या माणसाला तिने जन्मात पाहिलं नव्हतं. तिला बघताच त्याचा उजवा हात सवयीने सलामीला ताठ वर गेला आणि गर्दी बघून अर्ध्यावरूनच खाली आला. तेवढं पुरे होतं. तो कुठून आला आणि कशासाठी, हे तिला कळलं.

"मी क्रामर. मुंबईला पक्षाचं काम बघतो," तो जर्मनमध्ये म्हणाला. "तुमच्या भावाबद्दल बोलायचं आहे. हसत राहा, या बायका फार खूश आहेत."

तिचा भाऊ लुडविग शाळामास्तर होता. जर्मनीत नवं राज्य आल्यावर मास्तरांनी वर्गात शिरताना हात उंच करून नेत्याचा जयजयकार करायचा, असा हुकूम निघाला. लुडविग दोन्ही हातांत वह्यांचा गठ्ठा घेऊन वर्गात शिरायचा. हात रिकामे नाहीत, काय करणार? पोरं हसायची. एका पोराने ही गंमत घरी सांगितली, बापाने ती पुढे सांगितली आणि एका सकाळी पोलीस लुडविगला घेऊन गेले. तेव्हापासून तो कैद्यांच्या छावणीत, तारेच्या कुंपणाआड होता. आई तर भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याच्या धाकाने घरातसुद्धा त्याचं नाव घेत नव्हती.

मार्थाने हे मुंबईत एकदाच, एका जर्मन बाईपाशी, कॉफी पिताना बोलून दाखवलं होतं. फार एकटं वाटलं होतं म्हणून. आपल्या भाषेत रडायला मिळालं याचंच तिला त्या दिवशी अप्रूप वाटलं. त्या बाईने तिचे डोळे पुसले होते आणि घरी जाऊन सगळं क्रामरच्या कानावर घातलं होतं. असली माया काय कामाची!

"तुम्ही मुंबईला यायचं," क्रामर म्हणाला. "आपल्या लोकांच्या सभेत उभं राहून सांगायचं, की माझा भाऊ देशद्रोही आहे, माझा त्याच्याशी संबंध नाही. यापुढे त्याचं नाव घ्यायचं नाही. मग त्याच्या सुटकेचं बघता येईल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तिथला हिवाळा कडक असतो. माणसं आजारी पडतात."

अंगणातल्या एकाही बाईला यातलं अक्षर कळलं नाही. भाऊबहीण इतक्या वर्षांनी बोलतायत म्हणून दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला.

राहीबाईने निरांजन लावून ताट मार्थाच्या हातात दिलं. "ओवाळ पोरी. किती वर्सं वाट बघितलीस."

मोटारीच्या ड्रायव्हरने क्रामरला इंग्रजीत रीत समजावून दिली. क्रामर मनापासून हसला. "भावाने ओवाळणी घालायची असते म्हणे. मी तुमचा भाऊच घालतो ओवाळणीत. घ्या."

मार्था ताट घेऊन उभी राहिली. हो म्हटलं तर लुडविग कदाचित घरी येईल. कदाचित. पण येऊन विचारील, तू काय बोललीस? ज्याने एक हात वर केला नाही, त्याच्या सुटकेसाठी आपण दोन्ही हात वर करायचे? आणि नाही म्हटलं तर त्याच्या मरणाला आपणच कारण. तिला सल्ला द्यायला भोवती इतकी माणसं होती आणि एकालाही विचारता येत नव्हतं. इतकी एकटी ती परदेशातल्या पहिल्या रात्रीही नव्हती.

"पाटावरून उठा," ती जर्मनमध्ये म्हणाली.

"विचार करून बोला."

"उठा."

तो उठला. विजारीला लागलेली रांगोळी झटकली. "हे त्याला भोगावं लागेल," एवढंच म्हणाला आणि मोटारीकडे चालू लागला. बायकांनी बाजूला सरून त्याला वाट दिली.

"अगो, भाऊ रुसला काय?" राहीबाईने विचारलं.

"तो माझा भाऊ नाही, काकी."

राहीबाईने पाटाकडे पाहिलं, लावलेल्या निरांजनाकडे पाहिलं. केलेलं ताट तसंच ठेवणं तिला पटेना. "असूं दे. भाऊ नाय त्या बाया चंद्राला ओवाळतात. आता दिसंल बग डोंगरावर. चल, मी हाय संगती."

"मला भाऊ आहे," मार्था म्हणाली, आणि आता मात्र तिला रडू आवरेना. "आहे, काकी. त्याला येऊ देत नाहीत."

कोण येऊ देत नाही, का देत नाही, हे राहीबाईने विचारलं नाही. ती आत गेली, एक सुपारी घेऊन आली आणि पाटाच्या मधोमध ठेवली. जो माणूस येऊ शकत नाही त्याच्या जागी सुपारी ठेवतात, एवढं तिला ठाऊक होतं.

"नाव घे त्याचं आणि ओवाळ."

मार्थाने सुपारीला कुंकू लावलं. मग ताट उचललं. आपण जिवंत भावाला औक्ष मागतो आहोत की आताच त्याला मारून बसलो, हे तिला कळत नव्हतं.

"लुडविग," ती म्हणाली.

क्रामर मोटारीत चढता चढता थांबला आणि त्याने वळून पाहिलं. त्याला ते ऐकू गेलं होतं. मार्थाने ताट फिरवता फिरवता ते नाव पुन्हा घेतलं, आधीपेक्षा मोठ्याने.