वीतभर माती

गुणमाला चौगुले हिला माती कळते, याबद्दल गावात दुमत नव्हतं. नवरा गेल्यावर चार एकर ऊस तिने एकटीने सांभाळला, ट्रॅक्टर चालवायला शिकली, आणि दरवर्षी लागणीआधी मातीचा नमुना स्वतःच्या हाताने काढून सांगलीला तपासायला नेऊ लागली. लोक तिला बांधावर बोलावून विचारायचे, काकी, इथं काय लावू? ती ढेकूळ फोडून सांगायची आणि ते बरोबर यायचं. अशा माणसाला तूही चुकू शकतोस हे कुणी सांगत नाही, आणि तेच वाईट असतं.

गावाच्या वेशीला नट-बोल्टांना क्रोमचा मुलामा देणारा कारखाना होता. मालकाने बारा वर्षांपूर्वी कुलूप ठोकलं आणि तो परागंदा झाला. जागा पंचायतीकडे आली, शेड पाडली, आणि तिथे बाग करायची टूम निघाली. टूम काढली दीपमालाने. तिला दोन लहान मुलं, घर रस्त्याला लागून, दारातून उसाच्या गाड्या जातात. मुलांना खेळायला जागा पाहिजे म्हणून ती वर्षभर घरोघर फिरली. तेव्हा एका म्हाताऱ्याने शंका काढली, कारखान्याची जमीन हाय, चांगली असंल का? सगळ्यांनी गुणमालाकडे बघितलं.

गुणमालाने नमुना काढला, उसासाठी काढतात तसाच. आठ ठिकाणी वरचं गवत खरडून वीतभर खोल खड्डा, त्याच्या कडेची माती, गोणपाटावर ढीग, ढिगाचे चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेलं पिशवीत. काम अगदी चोख. कार्ड आलं : नत्र कमी, स्फुरद मध्यम, पालाश भरपूर. विषाचं तर त्या कार्डावर नावच छापलेलं नव्हतं, कारण ते तिने विचारलंच नव्हतं. पंचायतीने कार्ड फायलीला लावलं, खाली तिची सही घेतली. खेळू द्या पोरांना, असं तीच सगळ्यांना सांगत सुटली. झोपाळे आले, घसरगुंडी आली, हिरवळीच्या लाद्या अंथरल्या, उद्घाटनाचा रविवार ठरला.

रविवारच्या आधी पाच दिवस शालूबाई तिच्या दारात आली. शालूबाईने त्या कारखान्यात मुलाम्याच्या टाक्यांवर अठरा वर्षं काढली होती. टाक्यांतल्या पाण्याने हातांना खोल खळगे पडलेले, वाफेने नाकाचा पडदा आतून गेलेला. कारखाना बंद पडल्यापासून ती कडेगावला लेकीकडे असायची, म्हणून बागेचं तिला काही कळलंच नव्हतं. एसटीतून उतरली, झोपाळे दिसले, आणि घरी न जाता ती सरळ इकडे आली.

"गुणमाला, तू वरची माती नेलीस गं," ती म्हणाली. "ती मालकानं जाताना आणून टाकलेली. टाक्यांचा गाळ आमी तिच्या खाली पुरलाय. ह्याच हातांनी."

गुणमालाला राग आला. मातीतलं आता ही मला शिकवणार? चहा दिला, पण धड बोलली नाही. दोन दिवस ती घरात भांडी आपटत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र टिकाव-खोरं घेऊन बागेत गेली आणि घसरगुंडीच्या मागे खणायला लागली. वरच्या मातीखाली गुडघाभर मुरूम निघाला, मग काळी माती. कमरेइतकं खोल गेल्यावर खोऱ्याला ओल लागली आणि खड्ड्याच्या तळाशी पाणी झिरपू लागलं. ते हळदीच्या पाण्यासारखं पिवळं होतं, टाक्यांतल्या क्रोमचं. त्या मातीत गांडूळ नव्हतं, मुंगी नव्हती, मुळाचा एक तंतू नव्हता. इतकी मेलेली माती गुणमालाने जन्मात पाहिली नव्हती. तिला आधी भीती वाटली नाही, लाज वाटली. अख्ख्या गावाची पोरं ती आपल्या सहीवर इथे आणून सोडणार होती.

तशीच चिखलाच्या पायांनी ती पंचायतीत गेली. सदस्य इंद्रजितने शांतपणे ऐकून घेतलं. तो काही वाईट माणूस नव्हता, पण मोठे पाहुणे यायचे होते, मांडव पडला होता. खड्डा बुजवू, वर आणखी दोन ट्रॉल्या माती टाकू, हिरवळीखाली कोण बघतंय, असं त्याचं म्हणणं. तिने सांगितलं, हा गाळ उपसून, झाकून, जिथं असलं विष नीट पुरतात तिथं न्यायला लागेल, मग बाग. त्याला वर्षं लागतील, तो म्हणाला. मग लागू देत, ती म्हणाली. त्यावर त्याने फाईल उघडून तिच्यापुढे सरकवली.

"काकी, सही तुमची हाय. बोलशीला तर तुमीच खोट्या ठरशीला."

"ठरू दे की," गुणमाला म्हणाली. "खोटी ठरले म्हणून मरत न्हाई मी. पोरं मरतील."

रविवारी तिच्या उसाला तोड आली होती. साखर कारखान्याची पाळी चुकली की ऊस वाळत पडतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तरी अर्ध्या भरलेल्या दोन ट्रॉल्या ट्रॅक्टरला तशाच जोडलेल्या ठेवून तिने तो शेतातून बाहेर काढला, मांडवासमोर आणला आणि बागेच्या फाटकाला आडवा लावला. वाजंत्री थांबली. आपल्या भागात ऊसदराचं आंदोलन पेटलं की रस्त्यात गाड्या अडवून टायरची हवा सोडतात. पण ती दुसऱ्याच्या टायरची. गुणमाला खाली उतरली आणि तिने स्वतःच्याच ट्रॅक्टरची हवा सोडली. पुढची दोन चाकं, मग मागची दोन. पाहुणे यायच्या आत हिला बाजूला करा, असा इंद्रजितने दोघांना इशारा केला, पण पन्नाशीच्या बाईच्या अंगाला हात लावायची कुणाची हिंमत झाली नाही.

तेवढ्यात दीपमाला गर्दीतून पुढे आली. दोन्ही मुलांना नवे कपडे घातलेले. तिचा चेहरा लाल झाला होता.

"तुमीच म्हणला हुता, खेळू द्या," ती म्हणाली. "वरीसभर पाय झिजवलं मी तुमच्या शब्दावर. आता आमच्या पोरांनी खेळायचं कुठं?"

 गुणमालाने गर्दीतल्या शालूबाईला हाताला धरून पुढे आणलं, आणि शालूबाईने आपले हात दीपमालासमोर उघडे केले.

"चुकले मी," गुणमाला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "उसाची माती काढतात तशी काढली. वीतभर. ऊस वीतभरावर जगतो, म्हणून मला वाटलं, पोरंबी जगतील. शिव्या द्यायच्या तर द्या, मी हितंच हाय. पण तळापासनं उपसून, तपासून, पाणी नितळ निघाल्याशिवाय ही गाडी हलणार न्हाई."

शिव्या पडल्याच. मागून कुणीतरी म्हणालं, म्हातारीला याड लागलं. इंद्रजितने फोन करून हवा भरायचं मशीन मागवलं. गुणमाला पहिल्या ट्रॉलीच्या चाकाशी वाकली. हवेच्या नळीचं टोपण काही निघेना.

दीपमाला शालूबाईच्या हातांकडे बघत उभी होती. मग तिने मुलांना उचलून उसाच्या मोळ्यांवर बसवलं. गुणमालाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. राग अजून तसाच होता, तो जायलाही बरेच दिवस लागणार होते. ट्रॉलीला वळसा घालून ती पलीकडच्या चाकाशी गेली, नवी साडी सावरत धुळीत बसली, आणि हवा सुटल्याचा आवाज तिकडून आला.