पिंपळधरीची रडणारी बोट

त्या शुक्रवारी पिंपळधरीच्या घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. बाया ओटीची ताटं घेऊन उभ्या, बाप्ये गुडघाभर पाण्यात, आणि सगळ्यांचे डोळे धरणाच्या मध्यभागी लागलेले. बोट बुडालेल्या देवळाच्या जागी पोचली, उजवीकडे वळली आणि रडली. हो, रडलीच. कुणी बाई पदरात तोंड घालून हुंदके देते तसा लांब, खरखरीत आवाज पाण्यावरून काठापर्यंत आला. बोटीच्या मागच्या टोकाला बसलेल्या जलनाथ महाराजांनी उजवा हात वर केला आणि आवाज बंद झाला. घाटावर जयजयकार उसळला.

बोटीचं चाक कैलासच्या हातात होतं. सगळं गाव आनंदात होतं, पण तो उरलेले शुक्रवार मोजत होता. हा तिसरा शुक्रवार होता, आणि महाराजांचं व्रत पाच शुक्रवारांचं होतं.

जुनी पिंपळधरी धरणात गेली तेव्हा देवीचं देऊळही गेलं. मूर्ती नव्या गावठाणात आणली, पण लोकांचं मन काही जुन्या जागेवरून हललं नाही. तेव्हापासून रीत पडली, की पाण्यावरून जाणाऱ्यानं त्या जागेला एक प्रदक्षिणा घालूनच पुढे जायचं. पूल वाहून गेल्यावर जिल्ह्याहून एक जुनी मोटरबोट मिळाली, तीही प्रदक्षिणा घालू लागली. पावसाळ्याच्या तोंडी ती तिथेच, त्याच वळणावर रडायला लागली. मग महाराजांना यायला कितीसा वेळ लागतो? मुंगळ्याला गुळाचा पत्ता कुणी सांगावा लागत नाही.

महाराजांचं बोलणं अर्धं हिंदी, अर्धं विज्ञान. "बेटा, ये जल की पीडा है. माईची व्हायब्रेशन अडकून आहे." व्हायब्रेशन हा शब्द ते प्रसादासारखा वाटत. गंमत म्हणजे तेवढं एकच ते खरं बोलत होते. त्यांनी नियम घालून दिले: बोटीला लोखंड लावायचं नाही, महाराजांनी हात वर केला की चाक सरळ धरून नीट पुढे जायचं, आणि पाच शुक्रवार आजारी माणूस बोटीत बसवायचा नाही.

आजारी माणूस म्हणजे कैलासची आई, शकुबाई. तिची किडनी गेलेली. आठवड्यातून दोनदा वर्ध्याला मशीनवर रक्त साफ करून आणावं लागे. चार खेपा चुकल्या होत्या. पाय सुजून खांबासारखे झाले होते, आडवं पडलं की दम लागे, म्हणून ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपे. रस्त्यानं न्यावं तर काळ्या चिखलात बैलगाडीसुद्धा आसापर्यंत रुतत होती. कैलास बोटीसाठी सरपंच प्रभाकररावांच्या पाया पडून आला होता. पण गावानं हो म्हटलं असतं तरी शकुबाई बसली नसती.

"माय रडून राह्यली आन् मी तिच्या डोक्यावरून जाऊ?" ती म्हणाली. "मेली तरी चालन मले."

कैलास परसात जाऊन रडला. बायको काजल मात्र रडली नाही. तिनं हिंगणघाटला फोन लावून नत्थूजींना बोलावून घेतलं. नत्थूजी शकुबाईचे धाकटे भाऊ. सूतगिरणीत तीस वर्षं फिटर होते. गिरणीचा भोंगा बंद झाला, पण मशीनचा आवाज ऐकला की त्यांचा कान अजून टवकारतो.

शनिवारी सकाळी ते याच बोटीतून आले. बोट वळणावर रडली. बाकीच्यांनी हात जोडले, नत्थूजी मात्र वाकून बोटीच्या मागच्या फळीला कान लावून बसले. उतरल्यावर त्यांनी बहिणीचे पाय पाहिले आणि तसेच घाटावर परत गेले. तिथे महाराज होते, सरपंच होते, निम्मं गाव होतं.

"महाराज, एक डाव माह्यासमोर दाखवा," नत्थूजी म्हणाले. "हात वर करा. पन कैलास चाक सरळ नाई धरनार."

महाराज म्हणाले, माईची परीक्षा घेऊ नये, कोप होईल. प्रभाकरराव म्हणाले, दाखवायला काय हरकत आहे. नाही म्हणायची सोय उरली नाही.

बोट वळली, रडली. महाराजांनी हात वर केला. कैलासचे हात सवयीनं चाक सरळ करायला गेले, पण त्यानं दात आवळून ते तसंच वळवून धरलं. बोट रडत राहिली. महाराजांनी दुसराही हात वर केला, तरी रडत राहिली. मग नत्थूजींनी बोट देवळापासून दूर, गावाच्या काठाशी आणायला लावली. सरळ चालताना चूप. उजवीकडे वळवली, रडली. डावीकडे वळवली, तरी रडली. तिथे पाण्याखाली ना देऊळ होतं ना देवी, होता फक्त जुन्या गावाचा उकिरडा.

कैलासनं चाकावरच्या आपल्या हातांकडे पाहिलं. तीन शुक्रवार हुंदका थांबवत होता तो स्वतःच.

ट्रॅक्टरनं बोट काठावर ओढली. लोखंड लावू नका म्हणून कुणीतरी पुटपुटलं, पण काजलनं पान्ह्यांची पेटी आणून सगळ्यांसमोर ठेवली. या बोटीचं इंजिन आत असतं आणि पाणी मागे लोटणाऱ्या पंख्याचा पाय बाहेर. इंजिनाचा दांडा मागच्या फळीतल्या एका बेअरिंगमधून त्या पायापर्यंत जातो. नत्थूजींनी नट खोलून पाय ओढून काढला. बेअरिंगला पाण्यापासून वाचवणारा रबरी भाता फाटलेला होता. पुलर लावून त्यांनी बेअरिंग उपटलं. त्यातून तांबडं पाणी गळलं.

"घ्या," त्यांनी ते प्रभाकररावांच्या तळहातावर ठेवून फिरवायला सांगितलं. ते खरखरलं. "सरळ जाताना भार कमी, तवा चूप. वळताना दांडा तिरपा होते, भार येते, तवा वरडते. तुमी समदे देवळापाशीच वळता, म्हनून तिथंच वरडते. महाराज इंजिनापाशी बसत होते, त्यायले हे पयल्याच दिवशी समजलं असन."

सगळ्यांनी महाराजांकडे वळून पाहिलं. घाटावरचं त्यांचं आसन रिकामं होतं.

बोटीसोबत आलेल्या सुट्या भागांच्या पेटीत नवं बेअरिंग आणि नवा भाता तीन वर्षं कागदात गुंडाळून पडले होते. कुणी पेटी उघडलीच नव्हती. बेअरिंगचं छिद्र ग्रीसच्या छिद्रासमोर नेमकं धरून नत्थूजींनी ते ठोकून बसवलं, ग्रीस भरलं, भाता चढवला. दुपार कलली. शकुबाईचे ओठ काळेनिळे पडत चालले होते. भावाच्या शब्दावर ती निघायला तयार झाली; तिला खुर्चीसकट उचलून बोटीत ठेवलं तेव्हा तिनं भावाचा हात घट्ट धरला. कैलासनं देवळाला प्रदक्षिणा घातली, मुद्दाम, पूर्ण. पाणी तेवढं वाजलं.

"चूप झाली माय," शकुबाई म्हणाली, आणि खुर्चीच्या पाठीला डोकं टेकून तिनं डोळे मिटले.

वर्ध्याला तिला धावतच मशीनवर घेतलं. बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. जीव वाचला, म्हणाल्या, पण छातीत पाणी भरलं होतं, हृदयाला मार बसलाय, तो भरून निघणार नाही. मग त्यांनी विचारलं, "इतके दिवस काऊन नाही आणलं?"

रस्ता बंद होता, असं सांगता आलं असतं. बोट नादुरुस्त होती, असंही सांगता आलं असतं. दोन्ही खरंच होतं.

"बोट बिघडली होती," कैलास म्हणाला, "आन् मी हात जोडून बसलो होतो."

वाचकहो, देवीला हात जोडायचे तर खुशाल जोडा, कुणी अडवत नाही. पण आवाज आला, तर आधी तो कुठून येतो ते उघडून पाहा. शकुबाईसारखी बाई भिंतीला टेकून वाट पाहत असते, आणि तिच्याकडे पाच शुक्रवार नसतात.